लाल कावीळ

धुरपताबाईंनी वाटी पुढे केली तेव्हा हिरालाल शर्टाची बटणं लावत होता. वाटीत तेलात कालवलेली हळद होती आणि ती कालची होती.

"काढ तो शर्ट," धुरपताबाई म्हणाल्या.

"कायले?"

"काढ म्हनलं ना! गोदावरीच्या घरची उष्टी हळद आहे. काल तिच्या पोराले लावून उरली, ते मागून आनली मी."

हिरालालच्या लक्षात आलं. नवरदेवाला लावून उरलेली हळद लग्नाळू पोराच्या अंगाला लागली की त्याची सोयरीक झटक्यात जमते, यावर आसगावातल्या तमाम आयांचा विश्वास होता. पोरांचा नव्हता, पण पोरांना कोण विचारतो! हिरालालला आजवर जे नकार आले होते त्यातला एक उंचीमुळे होता, एक आसगावात यायला बस कमी म्हणून होता, आणि एकाने तर कारणच सांगितलं नव्हतं. हा बिनकारणाचा नकार धुरपताबाईंच्या फार जिव्हारी लागला होता. नवरा गेल्यावर त्यांनी धानाच्या बांधीतली शेती एकटीने सांभाळली, पोराला शिकवलं, पवनीच्या राईस मिलमध्ये चिकटवलं, आणि आता कोणी कारणही न सांगता 'नाही' म्हणून जावं?

आता उद्या, रविवारी, साकोलीचे देवाजी आपल्या मुलीसाठी मुलगा पाहायला येणार होते. ही मुलगी, मंदा, हिरालालने दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिली होती. आकाशपाळण्यातून उतरताना त्याला चक्कर आली आणि तो शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत जाऊन बसला, तेव्हा जी सगळ्यांत जास्त हसली ती मंदा. तेव्हापासून हिरालालच्या डोक्यात दुसरी मुलगी शिरलीच नाही. म्हणून त्याने मुकाट्याने शर्ट काढला.

धुरपताबाईंनी गाल, कान, मान, पाठ, हात असं काहीही न सोडता पोराला सारवून काढलं. "आता दिवस बुडेपर्यंत अंगाले पानी लावाचं नाही. अंग धुतलं का लगन धुतलं!"

"आन मिलमध्ये कसा जाऊ?"

"आज नोको जाऊ. धान कुठं पळून नाही चाललं."

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "घरी आहेत का जी कोनी? आमी साकोलीहून आलो."

देवाजी मुळात एक दिवस आधी येणाराच माणूस होता. वनखात्यात फॉरेस्ट गार्ड म्हणून त्यांची उमर नागझिऱ्याच्या जंगलात गेली होती आणि तिथून ते दोन गोष्टी घेऊन रिटायर झाले होते. एक, झाडपाल्याच्या मुळ्यांनी भरलेली कापडी पिशवी. आणि दुसरी, चोर पकडायचा तर त्याला कळवून जायचं नाही ही शिकवण. मुलगा पाहण्यालाही त्यांनी तोच नियम लावला. आंघोळ करून, पावडर लावून बसलेला मुलगा पाहण्यात काय मतलब? माणूस सकाळी पारोसा पाहावा, त्याची जीभ पाहावी, नखं पाहावी. त्यांच्यामागे त्यांची बायको सत्यभामाबाई उभी होती, आणि असा नवरा असल्याबद्दल नजरेनेच माफी मागत होती.

आत धुरपताबाईंनी फडकं उचललं. "पाव्हने आले! पूस, पूस ते!"

"धुतो ना आता!"

"धुवाचं नाही! पूस!"

कोरड्या फडक्याने त्यांनी पोराला खसाखसा पुसलं. वरची साय निघाली, पण तेलातली हळद ती, तिने कातडी सोडली नाही. हिरालाल लांब बाह्यांचा शर्ट घालून बाहेर आला तेव्हा तो पिकल्या पपईसारखा दिसत होता.

"उष्ट्या हळदीचं नाव नोको काढजो," आईने कानात सांगितलं. "पोराले कोनी पोरगी देत नाही म्हनून उतारे करून राहिली, असं म्हनतीन ते."

देवाजींनी चहा नाकारला. "चहा? जहर आहे ते. ताक असन तर द्या, जिरं टाकून. आमच्या घराचा उंबरठा आजलोक डॉक्टरनं नाही पाहिला." मात्र आतल्या चुलीवर गावरान कोंबडा शिजणार असल्याचं कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "गावरान कोंबडा म्हंजे औषधच." देवाजींच्या पथ्याला कोंबड्यापुरती एक खिडकी होती.

मग त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं आणि ताकाचा पेला हातातच राहिला.

"बाबू, जरा उजेडात ये बरं."

हिरालाल उजेडात आला आणि आणखीच पिवळा दिसू लागला.

"जीभ काढ. डोये मोठे कर. नखं दाखव." देवाजींनी त्याच्या कानामागे बोटं फिरवली, मान दाबली, बाह्या वर सारून कोपर चोळून पाहिलं. मग बायकोकडे वळून, साप दिसल्यावर बोलतात तशा हळू आवाजात म्हणाले, "कावीळ आहे."

"नाही जी काकाजी, ते तं हळ—" हिरालाल बोलायला गेला.

"हळद टाकून दूध पेते तो!" धुरपताबाई मध्ये पडल्या. "रोज. लय पेते."

"दूध पेऊन कानामागं पिवळं होते काय बाई?"

"पिवळं कुठं जी? पोरगा गोराच आहे माह्या."

"डोये पांढरे दिसून राहिले त्याचे," सत्यभामाबाई सहज म्हणाल्या.

"म्हंजे ताजी आहे! डोयात उतराची आहे अजून," देवाजी म्हणाले. देवाजींचं निदान असं होतं की त्याच्या विरुद्ध जे जे दिसे तेही शेवटी त्याच्याच बाजूने साक्ष देई.

त्यांनी पिशवी सोडली. भुईआवळ्याची मुळी निघाली, कडूनिंबाची काडी निघाली, आणखी एक काळं काहीतरी निघालं, ज्याचं नाव विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. पाटा-वरवंटा मागवला. काढा तयार झाला तो हिरवट, घट्ट, आणि वासानेच माणूस सुधारेल असा.

"पे बाबू. एका दमात."

हिरालालने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. हिरालाल प्यायला. त्याचा चेहरा कडेकडेने आत गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

"पाहा, तोंड किती वाकडं केलं! लिव्हर खराब असली का कडू लागते," देवाजी म्हणाले. "आता आयका. तेल नाही, तिखट नाही, कोंबडा तं वासालेबी नाही. फुटाने खावाचे आन उसाचा रस पेवाचा. मी याले बरा केल्याशिवाय आसगावातून उठत नाही."

"लय उपकार झाले जी," धुरपताबाई म्हणाल्या. "आन सोयरीकीचं?"

देवाजींनी पिशवीची गाठ मारली. "बाई, स्पष्ट सांगतो. इलाज करतो, तो माह्या धरम आहे. पन पोरगी नाही देत. कावीळवाल्या घरी पोरगी देली तं साकोलीत मले कोन इचारन?"

हिरालालची पंचाईत झाली. खरं सांगावं, तर आईची इज्जत जाते. न सांगावं, तर मंदा जाते. त्याने आईकडे पाहिलं. धुरपताबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"खात्री करून घेऊ," देवाजी म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "चुन्याच्या पान्यानं हात धुवाचे. कावीळ असन तं पानी पिवळं होते. घरात चुना आहे का बाई?"

चुना म्हणताच धुरपताबाई दचकल्या. लचकलेल्या पायाला ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी हळद-चुन्याचा लेप लावला आहे, तिला या दोघांची गाठ पडल्यावर काय होतं ते सांगावं लागत नाही.

"चुना नाही जी घरात! आमच्या घरी कोनी तमाखू नाही खात. चुन्याचं नावबी नाही."

"अवो माय, माह्या घरी आहे ना!" कुंपणावरून गोदावरीबाईंचा आवाज आला. साकोलीचे पाहुणे कोंबड्याऐवजी काढा वाटून राहिले म्हटल्यावर त्या केव्हाच्या तिथे हनुवटी टेकून उभ्या होत्या. शेजारधर्माला जागून त्या चुन्याचं गाडगंच घेऊन आल्या. त्यांच्यामागे लग्नाला आलेल्या दोन-चार पाहुण्या बायकाही आल्या, कारण नवरदेव कालपासून नुसता बसून होता आणि इकडे काहीतरी घडत होतं.

परातीत पाणी ओतलं. देवाजींनी चुना कालवला, हिरालालचे दोन्ही हात कोपरापासून परातीत धरले आणि बोटांपर्यंत चोळत आणले. "पाहा आता. पिवळं होते का नाही पाहा."

पाणी लाल झालं.

नुसतं लाल नव्हे, कुंकू सांडावं तसं लाल. हिरालालचे हात लाल झाले, परात लाल झाली. देवाजी त्या पाण्याकडे पाहत राहिले, पाहतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं आणि शेवटी कपाळावर आठी थांबली.

"अवो, हे तं हळदी—" गोदावरीबाईंनी तोंड उघडलं, तोच धुरपताबाईंचा पाय त्यांच्या पायावर पडला. चांगला टाचेकडून पडला. गोदावरीबाई "आई गं" म्हणून खाली बसल्या.

"लाल कावीळ," देवाजी शेवटी म्हणाले. आवाज जरा बसला होता. "रक्तात उतरली आहे. लाखात एकाले होते. नागझिऱ्यात एका ठेकेदाराले झालती."

"मंग, वाचला का तो?" एका पाहुणीने विचारलं.

"बदली झाली त्याची," देवाजी म्हणाले, आणि ठेकेदाराची बदली कशी होते हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. "पथ्य लागन. मोठं पथ्य. सोयरीकीची गोष्ट आता बंद."

धुरपताबाई आत गेल्या आणि चुलीपुढे बसून रडायला लागल्या. चुलीवर कोंबडा रटरटत होता. मागोमाग पाणी पिण्याच्या निमित्ताने सत्यभामाबाई आल्या. त्यांनी दार लोटलं, धुरपताबाईंच्या शेजारी फतकल मारलं आणि विचारलं, "उष्टी होती ना वो?"

धुरपताबाईंनी दचकून वर पाहिलं.

"हळद. उष्टी होती ना?"

"तुमाले कसं ठाऊक?"

"मीबी माय आहे ना पोरीची," सत्यभामाबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात लाखनीच्या लग्नातून चोरून आनली मी. पहाटे मंदाले लावली, आन मंदाच्या बापानं चिमणीच्या उजेडात तिले पाहिलं. कावीळ म्हने! पोरीले आठ दिवस हाच काढा पाजला. मी काय सांगू? पोरीचं लगन जमत नाही म्हनून हळद चोरली, असं सांगू? पोरगी रडे, मी रडो, आन हे साऱ्या साकोलीत सांगत फिरले का माह्या पोरीची कावीळ मी उतरवली."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आधी धुरपताबाईंच्या खांद्यांना हिसका बसला, मग सत्यभामाबाईंच्या. हसू बाहेर जाऊ नये म्हणून दोघींनी पदराचे बोळे तोंडात कोंबले.

"आता काय कराचं वो?" धुरपताबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"मंदाच्या बापाचे हात पाह्यले का तुमी?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "जा बाहेर. आन रडतच जा. हसू नोका."

धुरपताबाई बाहेर आल्या तेव्हा देवाजी बायकांना लाल कावीळ आणि पिवळी कावीळ यांतला फरक समजावत होते.

"भाऊ," धुरपताबाई हात जोडून म्हणाल्या, "माह्या पोराचं जे व्हाचं ते होईन. पन तुमचे हात पाहा बरं."

देवाजींनी हात पाहिले. कानामागे फिरवलेली, मान चोळलेली बोटं. आणि नंतर परातीत बुडवलेली. मनगटापर्यंत लाल, आणि नखांच्या मुळाशी पिवळी.

"तुमालेबी तेच!" गोदावरीबाई ओरडल्या. पाय दुखत होता, पण खेळ त्यांना आता कळला होता.

"नाही, नाही. हे तं याचं लागलं."

"म्हंजे लागते? लागट आहे?" बायका एकदम मागे सरकल्या.

"लागट नाही जी!"

"लागट नाही तं मंग तुमची सोताची आहे," धुरपताबाई म्हणाल्या, आणि उसासा टाकून दारात उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंकडे वळल्या. "राग नोका मानू बाई, पन बापाच्या रक्तात असन तं पोरीच्याबी असन. अशा घरची पोरगी मी कशी करू? आसगावात मले कोन इचारन?"

आयुष्यात पहिल्यांदाच धुरपताबाईंनी कोणाला तरी नकार दिला होता, आणि तो त्यांना इतका गोड लागला की क्षणभर त्यांना तो खराच द्यावासा वाटला. "माय!" हिरालाल ओरडला. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अवो बाई, असं कसं म्हनता!" देवाजी उठून उभे राहिले. "पोरगी माही ठनठनीत आहे! कावीळ म्हंजे का मोठी गोष्ट आहे? हे तं हलकी कावीळ आहे. आठ दिवसांत जाते!"

"आताच लाखात एक म्हनलं तुमी."

"ते जुनी झाली म्हंजे. ताजी काही करत नाही."

"मंग पोराच्या लिव्हरचं?"

"लोखंड आहे लोखंड! माह्या काढा एका दमात पेला त्यानं. नाहीतर मानसं पळून जातात." देवाजींच्या कपाळावर घाम आला. तो त्यांनी लाल हाताने पुसला आणि कपाळावर भला मोठा टिळा उमटला. "कुंकवाचाच रंग आहे हा. शकुन समजा. फोडा सुपारी!"

धुरपताबाईंनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. नाही म्हणायची संधी पुन्हा येणार नव्हती, म्हणून त्यांनी ती पुरवून वापरली. मग म्हणाल्या, "तुमी इतकं म्हनताच तं, आना सुपारी."

सुपारी फुटली. आजूबाजूच्या बायकांनी कुंकू लावलं, गूळ वाटला. गोदावरीबाई लंगडत लंगडत साऱ्या गल्लीत सांगून आल्या. मग जेवणाची वेळ झाली आणि देवाजी हात धुऊन ऐटीत पाटावर बसले.

"तुमी कुठं बसून राहिले?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमाले कोंबडा चालत नाही."

"काहून?"

"कावीळ आहे ना तुमाले. तेल नाही, तिखट नाही, कोंबडा वासालेबी नाही. तुमीच सांगतलं. घरात वैद्य आन तेच पथ्य मोडते, असं कसं चालन?"

बायको देवाजींकडे फार शांतपणे पाहत होती. ते पाटावरून उठले.

अशा रीतीने आत बायका पंगत मांडून बसल्या, आणि ओसरीवर सासरा-जावई समोरासमोर बसले. मध्ये फुटाण्यांची एक ताटली होती आणि काढ्याचे दोन पेले होते. आतून रश्श्याचा वास येत होता. त्याबरोबर मधूनमधून अशी हसण्याची लाट येई की हिरालालला मंडई आठवे.

शेवटी हिरालालला राहवेना. जावई झाल्यावर सासऱ्याशी खोटं बोलणं त्याला बरं वाटेना.

"मामाजी, एक सांगू का? ते कावीळ नाही जी. हळद आहे."

"ठाऊक आहे मले," देवाजी फुटाणा सोलत म्हणाले.

हिरालाल पाहतच राहिला. "कवापासून?"

"परात लाल झाली तवापासून. जंगलात लोकायच्या पायाले हळद-चुना बांधता बांधता हात झिजले माह्ये. मले नाही कळन?"

"मंग लाल कावीळ काहून म्हनलं?"

"एवढ्या बाया उभ्या होत्या ना तिथं!" देवाजी कळवळून म्हणाले. "काय म्हनू? सकाळपासून हळदीले काढा पाजून राहिलो म्हनू? थोडं पथ्य लावतो, महिन्यानं होकार कळवतो, असं मनात होतं. तुही माय लय हुशार निघाली." ते थांबले आणि आणखी हळू बोलू लागले. "आन ते परात पाह्यली तवाच मंदाचंबी समजलं मले. आठ दिवस पाजला रे पोरीले. आठ दिवस! रडत रडत पेत होती बिचारी."

त्यांचा चेहरा खरंच पडला होता. हिरालालला त्यांची दया आली. मग आतून वास आला आणि त्याला स्वतःचीच दया आली.

"मंग सांगून टाका ना आता, मामाजी! सोयरीक तं झाली. कोंबडा उरला असन अजून."

"सांगतो ना," देवाजी म्हणाले. "पन मंग मंदाच्या मायलेबी सांगा लागन का माही चूक झाली. तीस वर्षात एकदाबी नाही सांगतलं मी तिले असं." त्यांनी हिरालालकडे आशेने पाहिलं. "तू सांग. तुही माय आहे तिथं."

हिरालालने आत डोकावून पाहिलं. धुरपताबाई आणि सत्यभामाबाई एकाच ताटात जेवत होत्या. दोघींनी एकदमच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"पेले का रे औषध?" धुरपताबाईंनी विचारलं.

"पेतो ना माय," हिरालाल म्हणाला.

तो परत येऊन बसला. एक पेला देवाजींनी जावयाच्या हातात दिला, दुसरा स्वतः उचलला.

"नाक दाबून पे," ते म्हणाले. "मी तसाच पेतो."